नांदेडहून निघालेला रस्ता समुद्राला मिळतो

नांदेड-लातूरकरांपासून समुद्र लांब आहे, पण त्यांच्या दारावरून जाणारा नागपूर-रत्नागिरी महामार्ग समुद्रापाशी जाऊनच थांबतो. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा, तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट आणि रत्नागिरी. नांदेडपासून सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांना हा आकडा ओळखीचा वाटेल. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनी जगभर होणाऱ्या 'बीआरएम' राइडमध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३००ला २०, ४००ला २७ आणि ६००ला ४०. हे चारही पल्ले एकाच हंगामात पुरे करणारा 'सुपर रॅन्डोन्युअर'. म्हणजे ज्याने सहाशेची राइड केली, त्याच्या पायात नांदेडहून समुद्र गाठण्याइतका दम आधीच आहे!

आणि मराठवाडा म्हणजे सपाट, रखरखीत, सायकलला कंटाळवाणा, असं म्हणणाऱ्यांनी एकदा नांदेड ते लातूर पायडल मारून बघावं. अंतर साधारण १४० किलोमीटर. नांदेड गोदावरीच्या काठी, समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या वर थोडंसं. लातूर बालाघाटाच्या पठारावर, सहाशेच्याही वर. लोहा सोडून अहमदपूरकडे निघालं की ही अडीचशे मीटरची चढण हप्त्याहप्त्याने वसूल व्हायला लागते. चढ, थोडा उतार, पुन्हा चढ. गाडीत बसलेल्याला यातलं काहीच कळत नाही, सायकलवाल्याच्या मांड्यांना प्रत्येक मीटर कळतो.

खरी गंमत वाऱ्याची आहे. नांदेड हे लातूरच्या ईशान्येला. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये लातूरहून नांदेडला निघालात तर उतारही तुमचा आणि वाराही तुमचा. उलट दिशेने निघालात तर दोन्ही तुमच्या अंगावर. हिवाळ्यात वारं फिरतं, ईशान्येकडून, पूर्वेकडून वाहायला लागतं, आणि मग नांदेडहून लातूरला चढताना तेच पाठीला हात लावतं. वाऱ्याचं हे गणित साधं नाही. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि तो तोडायला लागणारी ताकद आठपट. सपाटीवर ताशी तीसच्या वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक मेहनत हवा बाजूला सारण्यातच जाते. म्हणून या पट्ट्यातल्या माणसाने राइडची तारीख ठरवताना आधी वाऱ्याची दिशा बघावी, मग सुट्टीचा दिवस.

लातूरहून नांदेड जिल्ह्यात जायची घाई मांजरा नदीला मात्र अजिबात नाही. बीड जिल्ह्यात बालाघाटात उगम पावून ती लातूर जिल्ह्यातून पूर्वेकडे निघते, कर्नाटकातून तेलंगणात शिरते, तिथे वळण घेऊन चक्क उत्तरेकडे परत फिरते आणि नांदेड जिल्ह्याच्या कडेकडेने येत कुंडलवाडीच्या बाजूला गोदावरीला मिळते. एवढा वळसा, सातशेहून जास्त किलोमीटरचा प्रवास!

आपण नेमके कुठे आहोत हे इथे गुरांवरूनही सांगता येतं. अंगभर गडद तांबडा रंग असेल तर तो लाल कंधारी, नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचा वाण. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके किंवा नुसतं तोंड काळं असेल तर देवणी, लातूर जिल्ह्यातली. देवणीतही तीन प्रकार: ठिपक्यांची शेवरा, काळ्या तोंडाची वान्नेरा आणि पूर्ण पांढरी बालंक्या. शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांचे दोन नामांकित वाण, आणि दोन्ही सायकलच्या वेगाने निवांत बघता येतात. मार्गशीर्षात याच रस्त्यावर लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, सगळ्यांचा बाजार. त्या दिवसांत तिथून वेगाने जाण्याचा विचार सोडावा, उतरून बाजारच बघावा.

काळ्या मातीशी मात्र खेळू नये. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्यावरचे डांबरी रस्तेही वर्षा-दोन वर्षांत लाटा घेतात. पावसात शेतरस्त्यावर सायकल घातली तर शंभर पावलांत चिखल चाकात आणि ब्रेकमध्ये असा बसतो की चाक फिरायचं थांबतं, आणि मग सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं. कोरड्या दिवसांत सराटे आणि बाभळीचे काटे. पंक्चरचं सामान आणि दोन ट्यूब जवळ हव्यातच. ऊस गाळपाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, कित्येकांना मागचा दिवाच नाही. अंधारात या रस्त्यांवर सायकल चालवणाऱ्याने अंगावर चमकपट्टा घालावाच, पण कारखान्यांनीही प्रत्येक ट्रॉलीमागे रिफ्लेक्टर असल्याशिवाय ऊस उतरवून घेऊ नये. हा माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

कारण या रस्त्यांवर रोज सायकल चालवणारे हेल्मेटवाले हौशी नाहीत, त्या शाळेच्या पोरी आहेत. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सरकार सायकली देतं. गावात शाळा सातवीपर्यंत आणि पुढची शाळा शेजारच्या गावात, एवढ्या एका कारणाने मुलींचं शिक्षण सुटायचं. सकाळी दप्तर कॅरिअरला अडकवून तिघी-चौघी एका ओळीत निघाल्या की मला तरी कुठल्याही मोठ्या शर्यतीपेक्षा हे दृश्य जास्त आवडतं.

मोठ्या शर्यतींचा विषय निघालाच आहे तर याच महामार्गाच्या दुसऱ्या टोकाचं, नागपूरचं, नाव घ्यायला हवं. तिथल्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली. एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, तेही बारा दिवसांच्या आत. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी जोडीने ती पार केली होती.

आता पोटाचं. लातूर सोडून तुळजापूरकडे निघालं की औसा तालुक्यातलं उजनी लागतं. तिथली बासुंदी प्रसिद्ध आहे, आणि लांब पल्ल्याच्या राइडमध्ये दूध-साखरेसारखं इंधन नाही. निलंग्याकडे वळलात तर निलंगा राईस. २०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या तीन जिनसांना भौगोलिक मानांकन मिळालं: पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर. तिन्ही एकत्र आणल्या की वरणाची सोय झाली! पाणी मात्र जास्तच घ्यावं, उन्हाळ्यात तर नक्कीच, कारण हा टंचाईचा मुलूख आहे. मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे १२ एप्रिल २०१६ला लातूरला पोहोचली तेव्हा दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं, आणि पुढे आठवडेच्या आठवडे त्या गाड्या येत राहिल्या.

खरोशाचा दगड, कोकणचा कडा

या मार्गावरची मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट दगडाची आहे. औशाहून निलंग्याच्या वाटेवर खरोसा आहे. तिथल्या टेकडीत सहाव्या शतकाच्या सुमारास लेणी कोरली गेली. महाराष्ट्रातली बहुतेक लेणी काळ्या बेसाल्टमध्ये, पण खरोशाची जांभ्यात! तांबूस, सच्छिद्र, लोखंडाने भरलेला दगड. उदगीरच्या पलीकडचं बिदर याच दगडाच्या पठारावर वसलंय. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्ह्यावर पुढे उष्ण, ओल्या हवामानाचा मारा झाला, त्यातली विरघळणारी द्रव्यं वाहून गेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं. तोच हा जांभा.

आणि रत्नागिरीत पोहोचल्यावर समुद्राकडेचे कडे कशाचे? माथ्यावर पुन्हा जांभाच! कोकणात त्या उघड्या पठाराला सडा म्हणतात. कशेळीच्या सड्यावर सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. निलंग्याच्या मुलाला घराजवळ दिसणारा दगड पाचशे किलोमीटरवर लाटांच्या डोक्यावर भेटतो.

सायकल चालवायला मात्र किनारा पठाराहून अवघड. खाडी आली की रस्ता पाण्याच्या पातळीला उतरतो, पलीकडे लगेच सड्यावर चढतो, आणि दिवसभर हेच. आंबा घाटासारखा एकच मोठा उतार उतरून सगळं संपलं असं समजणाऱ्याला इथे खरा घाम फुटतो. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला आरे-वारेच्या रस्त्याने जावं, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली दोन पुळणी. पावसाळ्यात उतारावर लाल मातीचा बारीक थर येतो, तिथे वळणाच्या आधीच ब्रेक लावावा, वळणात नाही.

पुढे उत्तरेला जायचं तर रेवस-रेडी सागरी मार्ग आहे, पण खाड्यांनी तोडलेला. जयगड-तवसाळ, धोपावे-दाभोळ, वेसवी-बागमांडला, दिघी-आगरदांडा, अशा चार ठिकाणी जंगल जेटीच्या बोटीत सायकल चढवावी लागते. वेळापत्रक आदल्या दिवशी विचारून घ्यावं, कारण शेवटची बोट चुकली तर खाडीला वळसा घालायला अख्खी संध्याकाळ जाते.