शिबिराच्या सात दिवसांत गावातलं कोण भेटत नाही?

मंडळी, आजचा विषय ‘समानुभूती’. शब्द जरा जड आहे. दुसऱ्याचं दुःख पाहून वाईट वाटतं ती सहानुभूती. त्याच्या जागी उभं राहून जग कसं दिसतं ते कळणं ही समानुभूती. पहिली मोबाइलवर व्हिडिओ पाहूनही येते. दुसरीसाठी त्याच्या उंबऱ्यापर्यंत जावं लागतं.

तरुणांना गावात मुक्कामी नेणं आपल्याकडे नवं नाही. बाबा आमटे यांनी १९६७ साली सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मग गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना आली, आपली एनएसएस. दोन वर्षांत २४० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. झेडपीच्या शाळेत मुक्काम, पहाटे प्रभातफेरी, श्रमदान, दुपारी बौद्धिक, आणि सातव्या दिवशी रडारड. ती रडारड खोटी नसते, पण बहुतेक वेळा आपल्याच मित्रमैत्रिणींच्या गळ्यात पडून होते. गावाशी गाठ पडली का, हा प्रश्न उरतोच.

आता तेलगावकडे या. धारूर तालुक्यातलं, बीड–परळी रस्त्यावरचं गाव. उत्तरेला माजलगाव, तिकडे धरणाचं पाणी आणि ऊस. दक्षिणेला धारूरचा घाट, बालाघाटाचे डोंगर, कोरडवाहू रानं. तेलगावजवळच साखर कारखाना आहे, तरी या भागातली माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात, मार्च-एप्रिलात परततात.

आणि आपली शिबिरं? बहुधा डिसेंबर-जानेवारीत! विद्यार्थी डोंगरपट्ट्यातल्या गावात पोचतात तेव्हा कितीतरी घरांना कुलपं असतात. मागे म्हातारी माणसं, आणि त्यांच्याजवळ ठेवलेली किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधारानं शिकणारी मुलं. आपण रस्ता झाडतो, फोटो निघतात. ज्यांना समजून घ्यायचं ती माणसं मात्र लांब कुठल्या तरी फडात असतात.

म्हणून निदान एक दिवस फावडं बाजूला ठेवा. कुलूप लागलेल्या घराशेजारच्या आजीजवळ बसा. तिनं चहा पुढे केला तर नको म्हणू नका. आपण द्यायला आलोय, ही ऐट त्या एका कपानं उतरते. पोरं कुठल्या कारखान्याला गेली, एवढंच विचारा. उचल किती घेतली ते पहिल्याच भेटीत विचारायचं नसतं. ते घरावरचं कर्ज आहे. ऐकत राहिलात तर शब्द आपोआप कळतील. ‘कोयता’ म्हणजे तिकडे नवरा-बायकोची जोडी, मुकादम उचल देतो ती या जोडीला. दुखण्याखुपण्यात दिवस गेला तर ‘खाडा’, आणि खाड्याचा दंड हिशोबात धरला जातो.

हे कळल्यावर २०१९ साली गाजलेली, बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी पुन्हा वाचून पाहा. ‘या बायका तयार तरी कशा झाल्या?’ हा प्रश्न मागे पडतो. दुखण्याच्या दिवशी फडात गेलं नाही तर काय होतं, याची बेरीज-वजाबाकी डोक्यात सुरू होते. मला अशी हिशोबातून आलेली समानुभूती जास्त भरवशाची वाटते.

एक नाजूक गोष्ट. शिबिराला आलेल्यांपैकी कुणाचे आईवडील त्या घडीला फडातच असू शकतात. त्याला आपण खेडं काय दाखवणार? पण म्हणून ‘तू बोल, तुझा अनुभव सांग’ असंही धरू नका. सगळ्यांसमोर स्वतःचं घर उघडं करायला कुणाला आवडतं? बोलायचं की नाही, ते त्याचं त्याला ठरवू द्या.

आणि मे महिन्यात एकदा परत जा. परीक्षा संपलेल्या असतात, टोळ्या परतलेल्या असतात, एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी येता येतं. बॅनर नको, हार-तुरे नकोत. डिसेंबरात जिच्याकडे चहा घेतला, त्याच आजीच्या घरी जायचं आणि आता घरी कोण कोण आलंय ते विचारायचं.