गाडीच्या छपरावरील ऊन

गोल्फच्या मैदानावर खेळाडूंना नेणाऱ्या छोट्या गाडीत, आसनाखाली, शिशाच्या बॅटऱ्या असतात. ८ व्होल्टच्या ६ जोडल्या की ४८ व्होल्ट मिळतात. छपरावर सौर पॅनेल बसविले, तर त्यातील सिलिकॉनवर ऊन पडताच वीज निर्माण होते. भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट शक्तीचे ऊन पडते. त्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाची वीज होते. एवढ्याने रिकाम्या बॅटऱ्या एका दिवसात भरत नाहीत. मग उपयोग काय? शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली, की तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात व ती निकामी होते. छपरावरील पॅनेल उभ्या गाडीलाही थोडी थोडी वीज पुरवीत राहते. मात्र बॅटरी भरल्यावरही वीज शिरत राहिली, तर आतील पाणी घटते. म्हणून मध्ये नियंत्रक बसवितात. गाडी अर्थात उन्हातच उभी करावी लागते!