कपाळावरचा उजेड

नवेगाव बांधच्या पाळीवर पहाटे 5 वाजता मी हेडलॅम्प 50 ल्युमेनवरच ठेवतो. वाटेत आडवा पडलेला मण्यार दिसायला तेवढा पुरे. खोक्यावरचा 1000चा आकडा भुलवतो, पण ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड. पसरट झोतात पायाजवळचं सगळं दिसतं, अरुंद झोतात लांबचं. दुप्पट लांब पाहायचं तर झोत चौपट प्रखर लागतो, आणि बॅटरी भराभर उतरते. प्रचलित मानकानुसार छापलेले ‘100 मीटर’ म्हणजे झोत पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो ते अंतर. ‘40 तास’ म्हणजे उजेड 10 टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. हे दुकानात कुणी सांगत नाही, सांगायला हवं! थंडीत सेल लवकर मान टाकतो, म्हणून डिसेंबरात जादाचा सेल मी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवतो. तलावावर बदकांची कुजबुज ऐकू आली, की दिवा बंद.