काका, पुन्हा होईल का?

रात्री अडीचला पुतणीचा फोन. "काका, हे ऐक," म्हणत तिनं मोबाइल दोन वर्षांच्या लेकाजवळ धरला. कुत्रं भुंकावं तसा खोकला आणि श्वास आत ओढताना शिट्टी. तीस वर्षं पोरांचा दवाखाना चालवल्यावर या आवाजाला स्टेथोस्कोप लागत नाही. क्रूप. या वयात स्वरयंत्राखालची नळी इतकी अरुंद, की मिलिमीटरभर सूजही भारी पडते. "आत्ता निघा," एवढंच बोललो. स्टेरॉइडच्या एका डोसनंतर पहाटेपर्यंत पोरगं निवळलं.

दुसऱ्या दिवशी नाकातल्या स्वॅबचा रिपोर्ट आला: कोरोनाव्हायरस एनएल६३. घरात हलकल्लोळ!

"अगं, हा तो कोविडवाला नव्हे. सर्दीवाल्या चार कोरोनांपैकी एक. नेदरलँड्समध्ये एका सात महिन्यांच्या बाळाच्या नमुन्यात सापडला, २००४ मध्ये जगाला कळला. क्रूपशी याचं जुनं नातं."

"मग एकदा झाला, आता सुटलो ना?"

इथं मी जरा थांबलो. कोरोनाव्हायरसचा जनुकीय मजकूर सुमारे ३०,००० अक्षरांचा. नक्कल करताना चुका दुरुस्त करणारा मुद्रितशोधक त्याच्याकडे असतो, म्हणून फ्लूपेक्षा तो कमी चुकतो. पण मुद्रितशोधकाच्या नजरेतून काय काय सुटतं, हे वाचकांना मी काय सांगू! सुटलेल्या एखाद्या चुकीनं पृष्ठभागावरचे काटे आपल्या प्रतिपिंडांना अनोळखी झाले, की ती चूक तगते.

२२९ई या भावंडावर सिएटलच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये छान काम प्रसिद्ध केलं. १९८०च्या दशकात साठवलेलं रक्तद्रव १९८४च्या विषाणूला चांगलं रोखायचं. नंतरच्या दशकांतल्या अवतारांपुढे त्याचा जोर ओसरत गेला. आजच्या मुलांचं उलट: त्यांच्या प्रतिपिंडांना जन्मानंतरचेच अवतार ओळखता आले. जुन्याशी कधी गाठच पडली नाही ना!

एनएल६३चे काटे मात्र इतके झपाट्यानं बदलताना दिसलेले नाहीत. तरी तो परत येतो, कारण आपली प्रतिकारशक्तीही ओसरते. इंग्लंडमध्ये २२९ईची लागण होऊन गेलेल्या काही स्वयंसेवकांच्या नाकात तोच वर्षभरानं पुन्हा सोडला, तेव्हा बहुतेकांना संसर्ग झाला. सर्दी एकालाही नाही.

"म्हणजे पुढच्या खेपेला सौम्य?"

"बहुधा. तोवर नळीही रुंदावलेली असेल."

"बहुधा?" तिला काकाकडून 'नक्की' हवं होतं. मागे बसक्या आवाजात पोरगं बिस्किटासाठी भोकाड पसरत होतं.