विश्लेषण : जिम लावली जाते, पण टिकत का नाही? उत्तर जुन्या तालमीत

पेण तालुक्यातील जोहे, हमरापूर, कळवे ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी ओळखली जातात. साच्यातून मूर्ती काढणे, पॉलिशपेपरने घासणे, रंगकाम, डोळ्यांची आखणी अशी कामे तासन् तास एका जागी बसून चालतात. अशा गावातील एखाद्याने दिवाळीनंतर जिम लावली, तर ती पुढच्या गणपतीपर्यंत टिकेल का? व्यायाम चांगला हे सगळ्यांना माहीत असते. तरीही पहिल्या महिन्याचा उत्साह तिसऱ्या महिन्यात का ओसरतो, आणि तो टिकवण्यासाठी यंत्रांपेक्षा सोबतची माणसे का महत्त्वाची ठरतात, याचा हा आढावा.

मूर्तिकामाचा शरीरावर काय परिणाम होतो?

मांडी घालून किंवा उकिडवे बसून मान खाली घातली, की डोक्याचा भार मानेच्या व पाठीच्या स्नायूंवर येतो. पाच मिनिटांसाठी त्याचे काही वाटत नाही. पण रंगकाम करणारा कारागीर दिवसभर त्याच स्थितीत असतो. हात पुढे, खांदे आत वळलेले आणि कंबर वाकलेली. त्यात मोठी मूर्ती उचलून एका जागेवरून दुसरीकडे ठेवायची असते. म्हणजे दिवसभर आखडलेल्या पाठीवर एकदम वजन येते. मान, खांदा आणि कंबर धरण्याची तक्रार अशा कामात सहज उद्भवते.

‘दिवसभर राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला?’ हा प्रश्न म्हणूनच फसवा आहे. कामात ठरावीक स्नायू पुन्हा पुन्हा वापरले जातात, तर पाठ, नितंब आणि पोटाचे स्नायू ढिले राहतात. व्यायामाचे काम नेमके तेच भरून काढण्याचे असते.

आकडेवारी काय सांगते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा. २०२२ च्या अंदाजानुसार जगातील सुमारे ३१ टक्के प्रौढ किमान गरजेइतकीही हालचाल करत नाहीत. भारतात हे प्रमाण जवळपास निम्मे आहे.

पैसे भरले की माणूस आपोआप येतो, हा समजही खरा नाही. अमेरिकेतील तीन हेल्थ क्लबच्या साडेसात हजारांहून अधिक सदस्यांच्या नोंदी दोन अर्थशास्त्रज्ञांनी तपासल्या. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले, की ७० डॉलरहून अधिक मासिक शुल्क भरणारे सदस्य महिन्यातून सरासरी चार-साडेचार वेळाच येत होते. त्यांना प्रत्येक फेरी १७ डॉलरहून महाग पडत होती, तर दहा फेऱ्यांचा पास घेऊन प्रत्येक फेरी १० डॉलरमध्ये करता आली असती. ‘यंदा नक्की जाऊ’ हा स्वतःबद्दलचा अंदाज माणसाला महागात पडतो, मग तो बोस्टनचा असो वा पेणचा.

तालमीत लोक का टिकत असत?

महाराष्ट्राची तालीम हे या प्रश्नाचे जुने उत्तर आहे. तालमीत व्यायाम एकट्याने होतच नाही. जोर-बैठका रांगेत मारायच्या, माती सगळ्यांनी मिळून खणायची, लढतीला जोड लागतेच. एक जण आला नाही तर दुसऱ्याचा सराव अडतो. वस्तादाचे लक्ष असते आणि जुना पैलवान नव्याला डाव शिकवतो. त्यामुळे येणाऱ्याला केवळ शरीर कमवायचे नसते, तर शब्दही पाळायचा असतो.

कोल्हापुरात तर तालीम ही पेठेची ओळखच झाली. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने तिथे कुस्ती बहरली आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. पुढे याच तालीम मंडळांनी फुटबॉलचे संघही उभे केले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशी तालमींची नावे आजही कोल्हापूरच्या फुटबॉल मैदानावर गाजतात. खेळ बदलला, पण एकत्र येण्याची जागा तीच राहिली.

अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या हनुमान आखाड्यातून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. या संस्थेच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकवेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केले. दादरचे समर्थ व्यायाम मंदिरही त्याच काळातले. या संस्था शंभर वर्षे चालल्या, कारण इथे शिकलेला पुढे शिकवणारा झाला.

एकत्र व्यायामाने नेमके काय बदलते?

जर्मन मानसशास्त्रज्ञ ओटो कोहलर यांनी १९२० च्या दशकात बर्लिनच्या नौकानयन क्लबमधील खेळाडूंवर प्रयोग केले. एकट्याने वजन उचलताना जो लवकर थकत असे, तोच जोडीने वजन उचलताना जास्त वेळ तग धरत असे. आपण थांबलो तर जोडीदाराचाही प्रयत्न संपेल, ही जाणीव त्याला टिकवून ठेवत होती. दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असताना हा परिणाम सर्वाधिक दिसला. फरक फार मोठा असला की कमजोर हात टेकतो.

दुसरा बदल मनात होतो. पहिल्या दिवशी एकही जोर न निघणाऱ्याला दोन महिन्यांनी दहा निघू लागले, की ‘हे आपल्याला जमते’ असा पुरावा त्याच्याच हाती येतो. तो पुरावा कुणीतरी पाहिलेला असेल, तर त्याचे वजन वाढते. असा आत्मविश्वास मग कामात आणि बोलण्यातही उतरतो.

तिसरा बदल एकटेपणाशी निगडित आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात दर सहापैकी एका व्यक्तीला एकटेपणा जाणवतो. ही अडचण फक्त शहरातली नाही. गावातला पार ओस पडतो आणि संध्याकाळ मोबाइलमध्ये जाते. घर आणि कामाखेरीज जिथे आपली वाट पाहिली जाते अशी तिसरी जागा उरत नाही. व्यायामशाळा ती जागा होऊ शकते.

रायगडला हे नवीन आहे का?

अजिबात नाही. रायगड हा कबड्डीवेडा जिल्हा आहे. सात गडी जमले तरच संघ मैदानात उतरतो. त्यामुळे संध्याकाळी सरावाला कोण आले नाही, हे लगेच कळते. तालमीतील जोडीचे तत्त्व कबड्डीत आधीपासूनच आहे. अडचण पुढे येते. तिशी ओलांडली, लग्न झाले, कारखान्याची जबाबदारी आली, की खेळाडूचे मैदान सुटते आणि त्याबरोबर सोबतही सुटते. कबड्डी सोडलेल्या चाळिशीच्या माणसाला जाता येईल अशी जागा म्हणून गावातील जिमकडे पाहायला हवे.

संगत उलटही फिरू शकते का?

होय, आणि त्याबद्दल सावध राहायला हवे. सोबतीने माणूस व्यायाम धरतो, तसे चुकीचे मार्गही धरतो. लवकर शरीर दिसावे म्हणून स्टेरॉइड घेणे, शस्त्रक्रियेवेळी रक्तदाब सावरण्यासाठी वापरले जाणारे मेफेन्टरमाइनचे इंजेक्शन ‘दम वाढवायला’ टोचून घेणे, असे प्रकार जिममध्ये शिरले आहेत. अशा इंजेक्शनांच्या बेकायदा विक्रीवर राज्यात कारवायाही झाल्या आहेत. हृदयाची लय बिघडणे, रक्तदाब वाढणे आणि व्यसन लागणे हे त्याचे धोके आहेत. ‘सगळेच घेतात’ हे वाक्य ज्या जिममध्ये ऐकू येते, तिथली संगत सोडलेली बरी. दूध, अंडी, डाळी, मासे आणि पुरेशी झोप हा कोकणातला खुराक बहुतेकांना पुरतो.

महिलांचे काय?

मूर्तिकामात महिलांचे हातही राबतात. बैठ्या कामाचा त्रास त्यांनाही होतो आणि वर घरकाम असते. पण व्यायामाची जागा अनेकदा पुरुषांनी भरलेली असते. यंत्रांपेक्षा इथे अडचण वेळेची आणि संकोचाची असते. ठरावीक तास फक्त महिलांसाठी राखणे, शिकवायला महिला असणे आणि शेजारणींनी मिळून येणे, या तीन गोष्टींनी बरेच अडथळे दूर होतात. बचत गटाची बैठक जशी ठरल्या वारी होते, तसाच व्यायामाचा वारही ठरवता येतो.

हंगामात व्यायाम बंद पडला तर?

गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत रात्री जागून काम चालते. तेव्हा रोज तासभर काढणे अवघड असते. इथेच अनेकांचा व्यायाम कायमचा सुटतो. पण कमावलेली ताकद टिकवायला ती कमावण्याइतके कष्ट लागत नाहीत. आठवड्यातून एक-दोन दिवस, अर्धा तास, पण नेहमीच्याच वजनाने व्यायाम केला तरी ताकद बरीच टिकते. हंगामात व्यायाम पूर्ण थांबवण्यापेक्षा कमी करणे केव्हाही चांगले. गणपती गेल्यावर पुन्हा सुरुवात करणेही मग सोपे जाते.

कामाच्या जागीही थोडे बदल करता येतात. मूर्ती पाटावर किंवा स्टुलावर डोळ्यांच्या पातळीला ठेवावी. अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालावे. घासकाम करताना मास्क लावावा. जड मूर्ती उचलताना गुडघे वाकवावेत, कंबर नव्हे.

गावात सुरुवात कशी करता येईल?

महागडी यंत्रे पहिल्या दिवशी लागत नाहीत. मोकळी खोली, चटया, काही डंबेल्स आणि लटकायला एक बार एवढ्यावर सुरुवात होते. व्यायामशाळा व खुल्या व्यायामशाळांसाठी राज्याच्या क्रीडा विभागाची अनुदान योजना आहे. तिची चौकशी ग्रामपंचायत किंवा मंडळाला जिल्हा क्रीडा कार्यालयात करता येते.

त्यानंतरचे काम माणसांचे आहे. प्रत्येक नव्या सदस्याला ताकदीत फार मोठा फरक नसलेली जोडी लावून द्यावी. वेळ ठरलेली असावी. दोन दिवस कुणी दिसले नाही तर जोडीदाराने फोन करावा, विचारपूस म्हणून. सहा महिने टिकलेल्याने नव्याला शिकवावे. चाळिशीपुढील व्यक्ती तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. व्यायामात छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तिथेच थांबावे.

जोह्याच्या कारखान्यात एक मूर्तीही एका हाताने पूर्ण होत नाही. साचा एकाचा, घासकाम दुसऱ्याचे, रंग तिसऱ्याचा आणि डोळ्यांची आखणी चौथ्याची. एक हात थांबला की पुढचे काम अडते, म्हणून सगळे वेळेवर येतात. व्यायामाची वेळही तशीच चुकवता येऊ नये, एवढीच व्यवस्था जिममध्ये करायची आहे.