जुन्या संगणकाला बिनतारी जोड

तंजावरच्या मुलुखात कावेरीच्या अनेक शाखा होतात, आणि तेथील गावांचे सारे जीवन त्या शाखांच्या पाण्यावर उभे आहे. मेट्टूर धरणातून १२ जूनला पाणी सोडण्याचा जुना प्रघात आहे. पाणी वेळेवर सुटले, तर ‘कुरुवै’ भाताचा हंगाम साधतो. लांबले, तर शेतकऱ्याची सारी गणिते चुकतात. अशा प्रदेशात पाण्याची बातमी पाण्याइतकीच मोलाची असते.

ही बातमी तारेवाचून गावात आणता येते, हे शेजारच्या पुदुच्चेरीने पूर्वीच दाखवून दिले आहे. १९९८ साली एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने विल्लियनूर हे केंद्र धरून भोवतालच्या गावांतील संगणक बिनतारी यंत्रणेने जोडले. वीरमपट्टिनमच्या कोळ्यांना समुद्रातील लाटांच्या उंचीचा अंदाज ध्वनिक्षेपकावरून ऐकू येऊ लागला. होडी लोटावी की नाही, हे त्यावरून ठरू लागले. २००४ साली त्यागराजांच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेले तंजावर जिल्ह्यातील तिरुवैयारु इस्रोच्या साहाय्याने उपग्रहामार्फत जोडले गेले.

वाचकहो, आपल्या घरी किंवा गावच्या वाचनालयात धूळ खात पडलेला जुना संगणक असेल, तर तो मोडीत काढण्यापूर्वी थोडा विचार करा. त्यात वायफाय नसले, तरी ते बाहेरून देता येते.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे यूएसबीच्या खाचेत बसणारा छोटा अडॅप्टर. दुसरा उपाय आतील पीसीआय एक्स्प्रेस खाचेत बसणाऱ्या कार्डाचा. मात्र फार जुन्या यंत्रात ही खाच नसते. तेव्हा आधी झाकण उघडून खात्री करून घ्यावी. झाकण उघडण्यापूर्वी वीजजोडणी काढावी आणि पेटीच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी.

येथे पुष्कळांची एक अडचण होते. अडॅप्टर चालविणारा ‘ड्रायव्हर’ इंटरनेटवरून घ्यायचा, आणि इंटरनेटसाठी तर अडॅप्टरच चालू व्हायला हवा! अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. संगणकाला तात्पुरते इंटरनेट मिळते आणि पेच सुटतो.

जागेचाही विचार हवा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींपलीकडे अधिक पोचतात. ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान खऱ्या, पण जाड भिंतीपुढे लवकर क्षीण होतात. लोखंडी कपाट दोन्हींना अडविते. संगणकाच्या धातूच्या पेटीमागे अडॅप्टर दडत असेल, तर लहान जोडतारेने तो पुढे, उंचावर आणावा.

शेवटी सुरक्षिततेविषयी. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या यंत्रावर लिनक्सची हलकी आवृत्ती बसविल्यास ते पुष्कळदा नव्या उमेदीने चालते. लिनक्स घालायचे असल्यास त्यावर चालणारा अडॅप्टर पाहूनच घ्यावा. आणि वायफायला चांगला संकेतशब्द ठेवण्यास विसरू नये.

जुने यंत्र पुन्हा कामी आले, तर मुलांचा अभ्यास, पिकाच्या विम्याचा अर्ज आणि धरणाच्या पाण्याची वार्ता ही तिन्ही कामे घरबसल्या होतील.