इंग्रजीच्या तासातील लघुकथा आणि मुलांचे स्वतःचे वाक्य

उच्च प्राथमिक वर्गांच्या इंग्रजी पुस्तकात एखादी लघुकथा आली म्हणजे पुढे काय घडते, हे सर्व शिक्षकांच्या परिचयाचे आहे. एकेक वाक्य वाचले जाते, त्याचा मराठी अर्थ सांगितला जातो, कठीण शब्द फळ्यावर येतात आणि अखेरीस प्रश्नोत्तरे उतरवून दिली जातात. चाळीस वह्या तपासावयास घेतल्या तर चाळीसही वह्यांत एकच उत्तर, तेही त्याच शब्दांत. एका वहीत एखादे अक्षर गळले असेल तर शेजारच्या वहीतही तेच गळलेले! वही नीटनेटकी दिसते आणि तपासणीच्या दिवशी शिक्षकांस चिंता राहत नाही. परंतु त्याच विद्यार्थ्यास, काल शाळा सुटल्यावर काय केलेस ते इंग्रजीत चार वाक्यांत लिही, असे सांगितले की तो पेन खाली ठेवतो. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. म्हणजे सातवीतील मुलाने या भाषेसाठी सहा वर्षे वेचलेली असतात. इतक्या वर्षांनंतर स्वतःचे एक वाक्यही त्यास लिहिता येऊ नये, यात दोष मुलाच्या बुद्धीचा नसून कथेच्या उपयोगाचा आहे.

कथा ही भाषांतरासाठी दिलेली नसते. पुढे काय झाले, हे जाणण्याची ओढ ती उत्पन्न करते; आणि ज्याला काही सांगावयाचे आहे, तोच लिहितो. ही ओढ शब्दार्थांच्या यादीखाली दडपली गेली की लेखनाचा झराच आटतो.

उदाहरणादाखल लिओ टॉल्स्टॉय यांची ‘हाउ मच लँड डझ अ मॅन नीड’ या नावाने इंग्रजीत आलेली, मूळ १८८६ सालची रशियन कथा घेऊ. बांध, मोजणी, हद्दीचा दगड हे शब्द ज्या मुलांच्या घरी रोज कानावर पडतात, त्यांना ती परकी वाटत नाही. संपूर्ण कथा वर्गात लांबते. शेवटचा भाग पुरेसा आहे. पाहोम नावाचा शेतकरी बाश्किर लोकांच्या प्रदेशात जमीन घेण्यास जातो. तेथील मुखिया सांगतो की भाव एका दिवसाला १००० रूबल. सूर्योदयास निघून पायी जेवढ्या जमिनीला वळसा घालशील तेवढी तुझी. मात्र सूर्यास्तापूर्वी निघाल्या जागी परत आला नाहीस तर पैसे बुडाले. टेकडीवर मुखिया आपली कोल्ह्याच्या कातड्याची टोपी ठेवतो, हीच निघण्याची खूण. पाहोम फावडे घेऊन निघतो, खळगे खणून खुणा करीत जातो. वळावयाच्या वेळी एक ओलसर सखल तुकडा दिसतो. जवस उत्तम येईल म्हणून तोही आत घेतो. मग उशीर होतो, तो धावतो, टोपीपर्यंत पोचतो आणि तेथेच कोसळून मरतो.

पहिल्या तासाला पुस्तक मिटलेलेच ठेवावे. शिक्षकांनी फळ्यावर एक टेकडी काढावी, तिच्यावर टोपी, आणि वर सूर्य. मग कथा सोप्या इंग्रजीत, हातवारे करीत सांगावी : ‘ही वॉक्ड. ही डग अ होल. ही वॉक्ड अगेन.’ प्रत्येक वाक्याबरोबर खडूची रेघ पुढे सरकावी आणि सूर्य थोडा खाली यावा. सखल तुकड्यापाशी थांबून वर्गास विचारावे : ‘विल ही टर्न?’ उत्तर मराठीत आले तरी अडवू नये. शिक्षकांनी तेच इंग्रजीत म्हणून दाखवावे व मुलांकडून म्हणवून घ्यावे. मराठी तोंडातून निघाली की इंग्रजी बिघडते, ही समजूत निराधार आहे. कथेचा शेवट मात्र या तासाला सांगू नये. दुसऱ्या दिवशी मुले स्वतः पुस्तक उघडतील.

ढाक्यात अध्यापन-प्रशिक्षणाचे काम केलेले मायकेल वेस्ट यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले की वाचनात नवे शब्द दाटीने आले म्हणजे मूल वाचीत नाही, अडखळते. यासाठी त्यांनी थोड्या व नेहमीच्या शब्दांत लिहिलेली वाचनमाला तयार केली. पुढे १९५३ साली त्यांनी संपादित केलेली सुमारे २००० शब्दांची यादीही प्रसिद्ध झाली. ग्रामीण शाळेसाठी यातून घेण्याजोगी गोष्ट साधी आहे. कथा सांगताना पाच-सहाच शब्द नवे ठेवावेत, आणि ते चित्रावर बोट ठेवून दाखविता येतील असे असावेत.

कथेतील भूतकाळ मराठी मुलास वस्तुतः सोपा आहे, याकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते. मराठीत तो गेला, ती गेली, ते गेले. त्याने लाडू खाल्ला, पोळी खाल्ली. क्रियापद कधी कर्त्याप्रमाणे फिरते, कधी कर्माप्रमाणे. इंग्रजीत ‘वेंट’ आणि ‘एट’ सर्वांना एकच. कर्ता पुरुष असो, स्त्री असो, एक असो वा अनेक, रूप ढळत नाही. अपवाद ‘वॉज’ आणि ‘वेअर’ यांचा. ही सवलत मुलांना एकदा उघड करून सांगितली की त्यांची भीती बरीच ओसरते. अडचण निराळ्या ठिकाणी आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत कर्त्याच्या मागोमाग. म्हणून ‘ही लँड सॉ’ असे वाक्य वहीत येते. तसेच ‘डिड’ आल्यावर क्रियापद मूळ रूपात जाते हे न उमगल्याने ‘ही डिड नॉट वेंट’ असे लिहिले जाते. या चुका आळसाच्या नव्हेत. पहिलीत मुलाची मातृभाषा बोलते, दुसरीत नवा नियम अर्धाच पोचलेला असतो.

लेखनास आरंभ जोडवाक्यांपासून करावा. ‘ही वॉज टायर्ड’ आणि ‘ही डिड नॉट स्टॉप’ ही दोन वाक्ये फळ्यावर लिहून ‘बट’ने जोडावयास सांगावीत. ‘बिकॉज’साठी याच कथेत उत्तम प्रसंग आहे. टेकडीच्या पायथ्याशी पाहोमला सूर्य मावळलासा वाटतो, पण वरच्या लोकांना तो अजून दिसत असतो. असे का? घाटाखाली किंवा डोंगराच्या कुशीत राहणाऱ्या मुलास हे कारण पुस्तकावाचून ठाऊक असते. त्यास उणीव फक्त इंग्रजी शब्दांची. ती भरून काढणे शिक्षकांचे काम.

त्यानंतर मुलाने स्वतःच्या आयुष्यातील, ‘आणखी थोडे हवे’ म्हणून फसगत झालेला एखादा प्रसंग लिहावा. कोणी लिहील : ‘आय सॉ वन मोअर मँगो. आय क्लाइम्ब्ड. द ब्रँच ब्रोक.’ तीनच वाक्ये, पण ती कोणत्याही गाइडात सापडणार नाहीत. ऊसतोडीहून उशिरा परतलेल्या मुलाच्या वहीत मागची प्रश्नोत्तरे नसतात, म्हणून तो मागे पडलेला ठरतो. या पद्धतीत त्यालाही पहिल्याच दिवशी लिहिण्याजोगे काही असते.

येथे तात्पर्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. ‘लोभ वाईट’ हे वाक्य शिक्षकांनी आधीच फळ्यावर लिहिले की चर्चा संपली. वर्गात ज्यांच्या घरी जमीन आहे ती मुले आणि ज्यांच्या घरी नाही ती मुले शेजारी बसलेली असतात. भूमिहीन शेतमजुराची मुलगी म्हणेल की पाहोमचे काय चुकले, जमीन मिळत असेल तर कोण सोडील? दुसरा कोणी म्हणेल की त्याने सूर्याकडे पाहावयास हवे होते. दोन्ही उत्तरे इंग्रजीत उतरविण्यास साहाय्य करावे आणि गुण वाक्याला द्यावेत, मताला नव्हे. कथा लेखनास प्रवृत्त करते ती अशा मतभेदामुळेच.

तपासणीत सर्व चुका एकदम लाल करणे हा मोह आवरावा. लाल रेघांनी भरलेले पान मूल पुन्हा उघडीत नाही. आज केवळ क्रियापदाची जागा पाहावी, पुढच्या वेळी भूतकाळाचे रूप. मराठीत नसलेल्या ‘अ’ आणि ‘द’ यांच्या चुका काही काळ तशाच राहू द्याव्यात. मोठ्या वर्गात एका दिवशी दहाच वह्या घ्याव्यात, बाकीच्या मुलांनी जोडीने एकमेकांची वाक्ये मोठ्याने वाचावीत. कानाला खटकलेले वाक्य पुष्कळदा मूल स्वतःच दुरुस्त करते. पहिल्या लेखनाचे पान मात्र फाडू देऊ नये. त्यावर तारीख घालून ते वहीतच ठेवावे, आणि सत्रातील दुसरी कथा झाल्यावर त्या मुलाला दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचावयास सांगावीत.